कळीवर छापलेला ₹ उमटत का नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून आमच्या महिला मंडळाच्या मासिक पत्रकासाठी पाककृती आणि सहलींचे हिशेब टंकलिखित करून देते. ½ वाटी, १८०° सेल्सिअस, ₹१५० अशी चिन्हे मला सतत लागतात. प्रत्येक वेळी मी जुनी फाईल उघडून त्यातून ती उचलते आणि नव्या मजकुरात चिकटवते. भाच्याने ऑल्टची कळ दाबून टंकायचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले आहेत, पण माझ्या लॅपटॉपवर त्यांतला एकही चालत नाही. रुपयाचे चिन्ह तर चारच्या कळीवर छापलेले आहे, तरी उमटत नाही. काही सोपा मार्ग आहे का?
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : आपल्या भाच्याची चिठ्ठी चुकीची नाही, ती दुसऱ्या प्रकारच्या कीबोर्डसाठी आहे. ऑल्ट दाबून धरून ०१७६ टंकले की °, ०१८९ टंकले की ½ आणि ०२१५ टंकले की × उमटते, हे खरे असले तरी हे आकडे कीबोर्डच्या उजवीकडच्या स्वतंत्र अंकपट्टीवरच, तेही नमलॉक सुरू ठेवून, टंकावे लागतात. वरच्या ओळीतल्या अंकांना ही युक्ती लागू पडत नाही आणि लहान लॅपटॉपला अंकपट्टीच नसते. तेव्हा चिठ्ठी खुशाल काढून टाकावी. चार आकडी संकेत पाठ करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा आपल्याला खरोखर लागणारी पाच-सहा चिन्हे कोणती, हे एकदा ठरवून त्यांचीच कायमची सोय करून घ्यावी, असे माझे मत आहे.

आधी रुपयाचे पाहू. भारत सरकारने हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, जागा मिळाली, त्यामुळे आजच्या कोणत्याही संगणकात ते असतेच. अडचण अशी की कळीवर काय छापले आहे, हे संगणकाला ठाऊक नसते. आपण कळींची जी मांडणी निवडलेली असेल, तिच्याप्रमाणे तो अक्षर देतो. बहुतेक लॅपटॉपवर विंडोज सुरू करताना अमेरिकी इंग्रजी मांडणी निवडली जाते आणि तीत रुपया नाही. सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ ही मांडणी जोडावी. त्यानंतर उजवीकडची ऑल्ट दाबून धरून ४ दाबले की ₹ उमटेल. डावी ऑल्ट चालणार नाही; पुष्कळ जणांचे घोडे तिथेच अडते.

° आणि ½ यांच्यासाठी विंडोजची कळ दाबून धरून पूर्णविरामाची कळ दाबावी. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची एक खिडकी उघडते. ती पाहून ‘हे मुलांचे खेळणे’ म्हणून अनेक जण ती लगेच बंद करतात. तिच्यातच चिन्हांचा एक स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात चलन, गणित, भाषा अशी दालने आहेत. अलीकडे वापरलेली चिन्हे तिथे पुढे येऊन बसतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून शोधाशोध जवळजवळ संपते.

पत्रक वर्डमध्ये तयार होत असेल, तर याहून सोपा उपाय ऑटोकरेक्टचा, म्हणजे टंकलेले आपोआप बदलण्याच्या सोयीचा, आहे. तिथे डाव्या रकान्यात एखादा संक्षेप आणि उजव्या रकान्यात हवे ते चिन्ह भरून ठेवले की पुढे संक्षेप टंकून स्पेस देताच चिन्ह उमटते. संक्षेप मात्र असा निवडावा, की जो शब्द म्हणून कधीच येणार नाही. मी स्वतः एकदा मोठ्या हुशारीने ‘पाव’ या शब्दासाठी ¼ ठेवले होते आणि पुढच्याच आठवड्यात एका पाककृतीत ‘लादी पाव’चे ‘लादी ¼’ होऊन ते तसेच मुद्रितशोधकापर्यंत पोहोचले. तेव्हापासून मी दुहेरी-तिहेरी अक्षरे वापरतो : ‘अअ’ म्हणजे ½, ‘पप’ म्हणजे ¼, ‘ससस’ म्हणजे ° सेल्सिअस. वर्डमध्ये ही यादी भाषेनुसार वेगळी असते. इंग्रजी मजकुरासाठी भरलेला संक्षेप मराठी मजकुरात चालला नाही, तर मजकुराची भाषा मराठी ठेवून तो पुन्हा भरावा.

फोनवर अँड्रॉइडच्या गूगल कीबोर्डमध्ये इंग्रजी अंकांच्या पानावर १ची कळ दाबून धरली की ½, ¼ हे अपूर्णांक वर येतात. आयफोनवर शून्याची कळ दाबून धरली की ° मिळते. संक्षेपांची सोय दोन्हीकडे आहे : गूगल कीबोर्डमध्ये ती वैयक्तिक शब्दकोशात सापडेल आणि आयफोनवर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. अंशाचे चिन्ह मिळत नाही म्हणून काही जण १८० लिहून त्यापुढे आणखी एक शून्य टंकतात आणि ते वर उचलून लहान करतात. कागदावर ते अगदी अंशासारखे दिसते, पण तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की उचललेपणा गळून पडतो आणि केक १८०० सेल्सिअसवर भाजण्याची सूचना मंडळभर जाते. चौरस मीटरसाठी वर उचललेल्या २चेही असेच होते. तिथे अंकपट्टी असल्यास ऑल्ट आणि ०१७८ने मिळणारे खरे ² वापरावे, नाहीतर सरळ ‘चौ. मी.’ लिहावे.

आणि जाता जाता : अपूर्णांकाचे चिन्ह खरोखर हवेच का, याचाही विचार व्हावा. ½ या चिन्हातले अंक इंग्रजी असल्यामुळे ‘१½ वाटी’ यात दोन लिप्यांचे अंक शेजारी बसतात आणि डोळ्याला खटकतात. आपल्याकडे पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन असे नेमके शब्द आहेत. ‘दीड वाटी रवा’ टंकायला चिन्हापेक्षा कमी वेळ लागतो आणि वाचणारी अडखळत नाही.

प्रश्न : मी नारायण पेठेत मुद्रितशोधनाचे काम करतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीने टंकतो. माझ्यापुढचा प्रश्न चिन्हांचा असला तरी तो मराठीच्या आतला आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र, ‘ॲ’, प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम यांसाठी मला दरवेळी धडपडावे लागते.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली धडपड अकारण नाही. इन्स्क्रिप्टची मांडणी १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात दिलेली आहे. तीत डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने अशी सुंदर व्यवस्था असली, तरी अक्षरांना जागा देताना विरामचिन्हांच्या कळी खर्ची पडल्या. प्रश्नचिन्हाच्या कळीवर य बसला आणि अपूर्णविरामाच्या कळीवर च आणि छ. त्यामुळे ही दोन चिन्हे घेण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीत जाणे आणि तसेच परत येणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. आठवडाभरात बोटांना त्याची सवय होते. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकण्याची पळवाट मात्र आपल्यासारख्याने तरी घेऊ नये. ‘उदाः’ आणि ‘वेळः’ ही रूपे आज दुकानांच्या पाट्यांपासून निमंत्रणपत्रिकांपर्यंत सर्वत्र दिसतात. पण विसर्ग हा उच्चार आहे, विराम नव्हे, आणि संगणकाच्या दृष्टीने तो शब्दाचाच भाग ठरतो.

‘दऱ्या’साठी शिफ्ट धरून रची कळ दाबावी, म्हणजे नुक्तायुक्त ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त आणि य दिले की ‘ऱ्य’ तयार होतो. ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’ यांतही हाच क्रम, शेवटी य ऐवजी ह. साधा र घेतला तर रफार येऊन ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतो आणि ‘आचाऱ्यांना’ धाडलेले आमंत्रण ‘आचार्यांना’ जाते. जुन्या मजकुरात हेच रूप साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टंकूनही केलेले आढळते. दिसायला दोन्ही सारखी, पण आतून वेगळी. म्हणून शोधताना एक सापडते आणि दुसरे निसटते. मुद्रितशोधकाने फाईल हाती आल्याबरोबर ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्यावे.

‘ॲ’चेही तसेच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले आणि २००९च्या शासननिर्णयाने तो मराठी वर्णमालेत आला. त्याआधीचा बराच मजकूर अ आणि वर अर्धचंद्र असा दोन तुकड्यांत टंकलेला आहे. शिवाय हिंदीसाठीचा ‘ऍ’ वेगळाच. तो मराठीत वापरू नये. आपल्या कीबोर्डवर ‘ॲ’ सापडत नसेल, तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबावे. आकड्यांच्या जागी अक्षर उभे राहते. हीच युक्ती ०९३१ने ऱसाठी आणि २०बी९ने रुपयासाठीही चालते, आणि तिला अंकपट्टी लागत नाही.

प्रश्न : मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी काय करावे?
(एक विद्यार्थी, कोथरूड, पुणे)

उत्तर : मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबले की चिन्हांची खिडकी उघडते. अंशाचे चिन्ह ऑप्शन, शिफ्ट आणि ८ने मिळते. ऑप्शन आणि केने येणारे गोल त्याच्यासारखे दिसत असले तरी ते अंशाचे चिन्ह नाही, हे प्रयोगवहीत लिहिताना लक्षात ठेवावे. लिनक्सच्या बहुतेक खिडक्यांत कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून युनिकोडचा संकेत टंकावा आणि एंटर द्यावे. अंशासाठी तो संकेत ००बी० असा आहे.