६७६ सोमवार

प्रश्न : ताई, माझं वय ४७. हिशेब विभागात २३ वर्षं झाली, निवृत्तीला अजून १३ आहेत. एका रविवारी रात्री झोप येईना म्हणून उरलेले सोमवार मोजले. ६७६ निघाले. तेव्हापासून हा आकडा डोक्यातून जात नाही. तसं काम वाईट नाही. पगार वेळेवर होतो, कुणी त्रास देत नाही. पूर्वी महिनाअखेरीचा ताळमेळ लागला की बरं वाटायचं. आता बहुतेक ताळमेळ संगणकच लावतो, मी ‘मंजूर’ दाबतो. दोन वर्षांपूर्वी बढती मिळायची होती, मिळाली नाही, त्याचं काही नाही. सकाळी उठतानाच अंग जड असतं. मध्यंतरी दहा दिवस रजा घेतली. चार दिवस छान गेले, पाचव्या दिवशी परत जायचं आठवून पोटात गोळा आला. परवा नव्या मुलीला जुन्या हस्तलिखित वहीतला फरक शोधायला शिकवलं. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५ असं. पंधरा मिनिटांत तिने चूक पकडली आणि खुर्चीतून उठून उभीच राहिली. पत्नी म्हणते, नोकरी सोडा, लहानसं काही सुरू करू. आणि आधी त्या घोरण्याचं बघा. घराच्या कर्जाचे हप्ते ७ वर्षं चालतील, दोन्ही मुलं शिकताहेत. सोडू का? की अशीच १३ वर्षं काढायची?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्याबरोबर मीही ६७६ वरच अडकले. दुसऱ्यांदा त्या मुलीपाशी थांबले. तिसऱ्यांदा ‘त्याचं काही नाही’पाशी.

आधी शरीराचं बोलते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. मी तीस वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. सेहेचाळिसाव्या वर्षी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवेना. जिना चढताना वाटायचं, आता हे काम पुरे. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता. दिवसाला शंभरएक नमुने हाताळणाऱ्या मी स्वतःचं रक्त दोन वर्षांत तपासलं नव्हतं. एका सहकारी बाईंनी जवळजवळ जबरदस्तीने सुई टोचली. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. त्या वयात पाळीचा रक्तस्राव वाढतो आणि बाईला ते कळूनही ती धकवून नेते. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत निम्मा कंटाळा गेला. तो कंटाळा नव्हताच. उरलेला निम्मा मात्र कामाचा होता, त्याबद्दल पुढे सांगते.

म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ या साध्या तपासण्या आधी करून घ्या. घोरणं आणि सकाळचं जडपण या दोन गोष्टी तुम्ही पत्रात वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या आहेत, डॉक्टरांना मात्र एकत्र सांगा. झोपेत श्वास अधूनमधून अडत असेल, तर आठ तास झोपूनही माणूस दमलेलाच उठतो, आणि त्यावर उपाय आहेत. आणखी एक. घरीसुद्धा कशातच जीव रमत नाही, असं दोन आठवडे सलग झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही लावू नका.

आता काम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’चं वर्णन केलं, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. त्याची खूण तिहेरी सांगितली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. पहिल्या दोन तुमच्या पत्रात दिसतात. तिसरी मला सापडली नाही. उलट त्या वहीबद्दलच्या ओळी वाचताना मी कागद घेऊन ५४ मधून ४५ वजा करून पाहिले. तुमच्या पत्रातला तेवढाच भाग जिवंत आहे, आणि तो हिशेबाबद्दलच आहे. ज्याला हिशेबाचा वीट आला आहे, तो माणूस असं लिहीत नाही. तुम्हाला वीट आला आहे तो ‘मंजूर’ दाबण्याचा. डोकं चालवायचा भाग यंत्राकडे गेला आणि जबाबदारी तेवढी तुमच्याकडे राहिली.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मध्यमवयाचा पेच मांडला, तो पुढच्या पिढीसाठी काही घडवणं आणि आत साचून राहणं यांमधला. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही साचलेले नव्हता. तेव्हा नुसतं ‘काम बदलून द्या’ म्हणू नका, नेमकं मागा : नव्या माणसांचं प्रशिक्षण, जुन्या नोंदींची तपासणी, यंत्राने अडकवून ठेवलेले गुंते. आठवड्यातून अर्धा दिवस मिळाला तरी पुष्कळ.

आणि ती बढती. तुमचं ‘काही नाही’ मला पटलं नाही. माझा उरलेला निम्मा कंटाळा तोच होता. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी कनिष्ठ व्यक्तीला पर्यवेक्षक केलं, आणि मी सहा वर्षं कुणालाही विचारलं नाही. शेवटी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, ‘रात्रपाळीमुळे तुम्हाला ते नकोच असेल असं आम्ही धरून चाललो.’ मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या उत्तराने पद मिळालं नाही, पण सहा वर्षं मी स्वतःला जे कारण सांगत होते, की आपण कमी पडलो, ते त्या दिवशी गळून पडलं. तुमचं कारण वेगळं असेल, कदाचित कटूही असेल. तरी वीस मिनिटांची वेळ मागून घ्या आणि विचारा. दोन वर्षं उशीर झाला आहे, सहा होऊ देऊ नका.

सोडण्याबद्दल : आत्ता नाही. एक तर रागात किंवा थकव्यात घेतलेला निर्णय शांत झाल्यावर आपला वाटत नाही. दुसरं, डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं होतं, की आयुष्यातलं समाधान चाळिशीच्या आसपास तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. सगळे संशोधक हे मानत नाहीत, आणि प्रत्येकाची चाळिशी सारखी नसतेच. पण आजच्या मनःस्थितीवरून तेरा वर्षांनंतरचे आपण कसे असू हे ठरवू नये, इतकं मी त्यातून घेते.

तिसरं कारण तुमच्याच क्षेत्रातलं आहे, म्हणून धीर करून सांगते. तुमची मोजणी मला चुकलेली वाटते. ६७६ सोमवार तुम्ही एकाच भावाने मोजलेत. कर्ज ७ वर्षांनी फिटतं, म्हणजे ३६४ सोमवारांनी. तोवर मुलांचं शिक्षणही बरंच पुढे गेलेलं असेल. त्यानंतर तुम्हाला आजच्या पगाराची गरज आहे, की त्याच्या साठ टक्क्यांत भागेल? भागत असेल, तर कमी पगाराचं, अर्ध्या वेळेचं किंवा शिकवण्याचं काम तेव्हा खुलं होतं. हे कागदावर पत्नीसोबत बसून मांडा. फक्त महागाई विसरू नका. ती वर्षाला ६ टक्के धरली, तर घरखर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. ७२ ला ६ ने भागायची ही रीत तुम्हाला मी शिकवायला नको, पण स्वतःच्या घराला ती लावायची राहून जाते. पत्नी म्हणतात तो लहान व्यवसायही याच कागदावर घ्या. त्यात सुरुवातीला किती महिने काहीच मिळणार नाही, तो आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या.

रजेतला पाचवा दिवसही एकदा नीट आठवून पाहा. पोटात गोळा आला, तेव्हा डोळ्यांसमोर काय होतं? तो संगणकाचा पडदा? साहेबांची खोली? बढती मिळालेल्या माणसाचं टेबल? एका ओळीत लिहून ठेवा. साहेबांसमोर बसायच्या आधी ती ओळ तुम्हाला हवी आहे.

त्या मुलीला निम्म्या फरकाची युक्ती सांगितलीत का? रक्कम चुकून उलट्या बाजूला लिहिली गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधायचा. आमच्या कार्यालयातल्या हिशेबनिसांनी मला एकदा दाखवली होती. राहिली असेल तर या सोमवारी सांगा. आणि डॉक्टरांकडे जाताना पत्नीला सोबत न्या. तुमच्या झोपेत काय होतं, ते त्यांनाच ठाऊक आहे.