सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या दीड वर्षाच्या मुलीला रात्री ताप आला, तर सकाळपर्यंत थांबावं का?

नाही, अजिबात थांबू नका. या मुलांची प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेला, जंतूंशी लढणारा अवयव, लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. ताप १०१ च्या वर गेला की रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठा. सिकलसेलचं कार्ड सोबत घ्या आणि ‘एसएस पॅटर्न आहे’, म्हणजे मूल नुसतं वाहक नाही, त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे आधी सांगा.

आणखी एक, डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून प्लीहा कशी चाचपायची, हे डॉक्टरांकडून शिकून घ्याच. ती अचानक मोठी लागली आणि मूल पांढरंफटक, मलूल पडलं, तर रक्त प्लीहेत अडकतंय. तेव्हा तातडीनं रक्त द्यावं लागतं.

हातापायाची बोटं सुजून दुखली तर भरपूर पाणी पाजा, बर्फ लावू नका. धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर मालिश करत बसू नका, लगेच निघा.