मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही बेटं कशी बनली आणि तिथले मूळ रहिवासी कोण?

मूळ रहिवासी कुणीच नाहीत. मादागास्करमध्ये वस्ती होऊन शतकं लोटली तरी त्याच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेली ही बेटं निर्मनुष्यच होती. अरब खलाशांना ती ठाऊक असावीत, कारण 1502 च्या कँटिनो या पोर्तुगीज जगनकाशात त्यांची अरबी वळणाची नावं दिसतात. पण वस्ती 17 व्या शतकापासून पुढची.

आता बेटं कशी बनली ते, आणि हा भाग मला फार जवळचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्ण स्रोतातून आपल्या दख्खनचा काळा दगड आला, त्याच स्रोताने ही बेटं घडवली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पृथ्वीच्या पोटातला हा स्रोत जवळपास जागेवरच राहिला आणि वरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, सरकत गेला. भारत उत्तरेला निघाला आणि त्याच्यामागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग तयार झाली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या प्रवाळाखाली तेच बुडालेले ज्वालामुखी आहेत. पुढे समुद्रतळाचा दुभंग त्या स्रोतावरून सरकला आणि स्रोत आफ्रिकेच्या बाजूच्या भूपट्टाखाली आला. तिथे आधी मॉरिशस वर आलं, त्याचं वय सुमारे 80-90 लाख वर्षं. रियुनियन त्याहून बरंच तरुण.

वयातला हा फरक डोळ्यांना दिसतो. मॉरिशस झिजलेलं, सर्वोच्च शिखर 828 मीटर, भोवती प्रवाळाचं कडं. जेमतेम 200 किलोमीटरवरच्या रियुनियनमध्ये पितों दे नेज 3,000 मीटरच्या वर जातं आणि पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर लाव्हा ओकतो. 1977 मध्ये त्याचा लाव्हा सेंत-रोझ गावातल्या चर्चच्या दारातून आत शिरला आणि तिथेच थांबला. रॉड्रिग्ज मात्र या रांगेत नीट बसत नाही, त्याच्या जन्माबद्दल अजून वाद आहे.

माझ्या मते इथला इतिहासही या जमिनीच्या वयाने घडवला. डच 1598 मध्ये मॉरिशसला उतरले, 1638 मध्ये वसाहत केली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, काळ्या, टणक लाकडाची एबनीची झाडं तोडली. डोडो पक्षी दिसल्याची शेवटची विश्वसनीय नोंद 1662 ची. डच 1710 मध्ये निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं, आणि पुढे त्या सपाट जमिनीवर मैलोन्‌मैल ऊस उभा राहिला. रियुनियनवर फ्रेंच 1665 पासून कायमचे होते. तिथे मळ्यांतून पळालेले गुलाम मफात, सिलाओस, सालाझी या खोल, कड्यांनी वेढलेल्या दऱ्यांत शिरले. मफातला आजही गाडीरस्ता नाही. पायी जा, नाहीतर हेलिकॉप्टरने. मॉरिशसच्या पळालेल्या गुलामांना मात्र आसरा मिळाला तो ल मोर्नसारख्या सुट्या डोंगरांत.

रॉड्रिग्जची हकीगत मनाला सर्वांत जास्त लागते. 1691 मध्ये फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच प्रवासी आणि त्याचे सोबती तिथे उतरले आणि दोन वर्षं राहिले. त्याने महाकाय कासवांचे कळप आणि सॉलिटेर नावाचा न उडणारा पक्षी पाहिला आणि बारकाईने लिहून ठेवला. पुढच्या शतकात ती कासवं मांसासाठी हजारोंनी जहाजांवर चढवली गेली. आज तिथे ना ती कासवं उरली आहेत, ना सॉलिटेर.