दुरुस्ती मंडळात चार्ज घेण्याआधी एकदा वाच

तुझी ऑर्डर निघाल्याचं कळलं आणि मनापासून आनंद झाला, कारण दुरुस्ती मंडळ स्वतःहून मागून घेणारी माणसं फार थोडी असतात. सगळ्यांना लॉटरी नाहीतर लेआउट हवं असतं, आणि तू जुन्या चाळींमधल्या भाडेकरूंचं काम मागितलंस. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय, लांबेल थोडं, पण चार्ज घेण्याआधी एकदा वाचून काढ.

आपलं ऑफिस म्हाडाचं, बोर्डावर नाव इमारत दुरुस्ती व पुनर्रचना असं आहे, त्यामुळे नवीन माणसाला आपलं काम म्हणजे सिमेंट, टेकू आणि टेंडर असंच वाटायला लागतं. पण हे मंडळ आलं कुठून ते लक्षात ठेव. 1969 च्या कायद्याने मुंबई शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर सेस, म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर, बसला, तेव्हा यादीत 19,642 इमारती होत्या, त्यातल्या 16,502 एकट्या अ वर्गातल्या, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 च्या आधी बांधलेल्या. भाडी गोठलेली, मालकाला दुरुस्ती परवडत नाही किंवा करायचीच नाही, आणि इमारत पडली की दबून मरणार तो भाडेकरू. म्हणून सेस गोळा करायचा आणि दुरुस्ती सरकारने करायची, अशी ती व्यवस्था. माणूस जिवंत राहावा आणि त्याच गल्लीत राहावा, यासाठी हे ऑफिस काढलं. इतक्या वर्षांत कितीतरी जीआर आले-गेले, पण यापेक्षा मोठं कारण मला कुठल्या जीआरमध्ये सापडलं नाही.

आता मुख्य मुद्दा. रिव्ह्यू मीटिंगमध्ये तुला विचारतील किती नोटिसा दिल्या, किती इमारती खाली केल्या, पुनर्विकासाच्या किती एनओसी निघाल्या. खाली केलेल्यांपैकी किती कुटुंबं परत आपल्या जागेवर आली हे कोणी विचारणार नाही. तो आकडा तू स्वतः ठेव. साधी एक्सेल शीट पुरते: इमारत, कुटुंबप्रमुख, खाली केल्याची तारीख, सध्या कुठे आहेत, मोबाइल नंबर, पझेशन कधी मिळालं. शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामाच असेल आणि तो रिकामा दिसला पाहिजे, दर महिन्याला, तुलाही आणि तुझ्या इंजिनिअरांनाही. ज्या ऑफिसकडे ही शीट नसते तिथे बदली झाली की माणसं हरवतात, आणि खरंच हरवतात, म्हणजे ट्रान्झिट कॅम्पात, तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत, जन्मलेल्या मुलांचं लग्न होतं तरी मूळ इमारतीच्या प्लॉटवर काय चाललंय ते त्यांना सांगणारं कोणी नसतं.

घर टिकतं ते पात्र भाडेकरूंच्या प्रमाणित यादीवर. इमारत पडली किंवा पाडली की भिंत, दार, खोली नंबर काहीच उरत नाही, उरते ती यादी, आणि त्यावर नाव नसेल तर चार पिढ्या राहिलेला माणूसही अपात्र ठरतो. सेस इमारतींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमात 13 जून 1996 नंतर निर्माण केलेले भाडेकरार धरले जात नाहीत हे तुला माहीत आहेच, म्हणजे सगळा खेळ जुन्या कागदांवर आहे, आणि जुने कागद कुठे असतात तर पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात, नाहीतर गावी. त्यामुळे यादी करायला माणूस पाठवलास की त्याला एकदाच जाऊन ये असं सांगू नकोस. पहिल्या फेरीत दारं बंद असतात, लोक कामावर असतात. रविवारी पाठव, संध्याकाळी पाठव. पावत्या नसतील तर जुनं लाइटबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, जे असेल ते बघायला लाव आणि ‘पुरावा नाही’ असा शेरा तुला विचारल्याशिवाय मारायचा नाही असं लेखी सांग.

मापांचंही तसंच. इमारत उभी आहे तोवर खोलीची मापं घे, माणसासमोर घे, आणि त्याची सही घेऊन एक प्रत त्याच्या हातात दे. टेप धरणारा घाईत असेल तर पोटमाळा सोडतो, गॅलरीतली मोरी सोडतो, कोपऱ्यातला कडाप्पाचा ओटा भिंतीत धरतो. नियमाने किमान 300 चौरस फूट मिळणारच, मग कशाला एवढं, असं तुझा स्टाफ म्हणेल. पण दुकानांचं आणि मोठ्या खोल्यांचं सगळं त्या मापावर ठरतं, आणि शिवाय आपल्या खोलीचं माप सरकारी कागदावर आहे म्हटल्यावर माणूस खाली करायला तयार होतो. मी हे कितीदा पाहिलंय. ज्या बाई आठवडाभर दार उघडत नव्हत्या त्यांनी मापाचा कागद हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतलं. माणसांना मालवणीच्या ट्रान्झिट कॅम्पात जायची भीती नसते गं, परत न येण्याची असते.

विधवा बायकांच्या केसेस स्वतः बघ. नवरा वारला, पावती त्याच्याच नावावर चालू राहिली, मालकाने ती बदलली नाही कारण बदलायला पैसे मागितले, आणि यादीच्या वेळी दीर येऊन उभा राहतो. भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 7 वाच, त्यात भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो असं सरळ लिहिलंय, आणि वाद असेल तर तो कोर्टाने ठरवायचा. तुझ्या क्लार्कने काउंटरवर ठरवायचा नाही. तिला ‘वारस दाखला आणा’ एवढंच सांगून परत पाठवणं म्हणजे तिला दोन वर्षं वकिलांच्या दारात बसवणं आहे. कुठला कागद, कुठून, किती फीने, हे लिहून दे.

आणखी एक गोष्ट आपल्या अखत्यारीत येत नाही म्हणून आपण सोडून देतो आणि तिथेच घर जातं. मालक अचानक भाडं घेणं बंद करतो. भाडेकरूला वाटतं बरंच झालं, आणि तीन वर्षांनी थकबाकीची नोटीस येते. तुझ्या काउंटरवर जो कोणी ही तक्रार घेऊन येईल त्याला सांगायला लाव की भाडं मनीऑर्डरने पाठव, परत आली तर ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासकट ती स्लिप जपून ठेव. नोटीस आली तर 90 दिवस असतात, त्याआधी दावाच लावता येत नाही, आणि दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी बाकी, त्यावर 15 टक्के साधं व्याज आणि खर्च कोर्टात भरला आणि पुढे नियमित भरत राहिलं तर त्या कारणावरून घर काढून घेता येत नाही. आणि कलम 29 प्रमाणे मालकाला पाणी, लाइट तोडता येत नाही. हे लघुवाद न्यायालयातल्या कुठल्याही वकिलाला पाठ असतं, पण कामाठीपुऱ्यातल्या किंवा डोंगरीतल्या माणसाला कोणी सांगत नाही. आपण सांगायचं. त्याला वेगळं बजेट लागत नाही, एक शहाणा क्लार्क लागतो.

मे महिना तुझा सगळ्यात वाईट महिना असणार. पावसाळापूर्व सर्व्हे, अतिधोकादायक यादी, पेपरवाले, आणि प्रत्येकाच्या डोक्यात 2017 ला पडलेली पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी आणि 2019 ला पडलेली डोंगरीची केसरबाई. भीती खरी आहे, ती कधीच कमी लेखू नकोस. इमारत खरंच बसायला लागली असेल तर रात्री बारा वाजता पोलीस घेऊन खाली कर, शिव्या खा, पण खाली कर. पण तेवढंच लक्ष यावरही ठेव की ‘धोकादायक’ हा शिक्का कोणाच्या सोयीसाठी पडतोय. म्हाडा कायद्यात 79-अ कलम आल्यापासून नोटिशीला वजन आलंय, पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा. कायदा चांगला आहे, भाडेकरूंच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी आलं, पण ज्या इमारतीची नीट तपासणी झालेली नाही तिला ही नोटीस दिलीस तर मालक कोर्टात जाणार आणि भाडेकरूंची दोन वर्षं त्यात जाणार. 2025 मध्ये हायकोर्टाने या नोटिशींच्या पद्धतीवर किती कडक ताशेरे ओढले ते ऑर्डर काढून मुळातून वाच. स्वतः इमारतीत जा, जिने चढ, लाकडी तुळईला वाळवी आहे का ते टॉर्च मारून बघ, तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन संडासाच्या गळतीने खालची भिंत फुगलीय का ते बघ, आणि मगच सही कर. जी सही इमारत बघून केलेली असते ती कोर्टातही टिकते.

नोटीस जिन्यात चिकटवली म्हणजे दिली असं समजू नकोस. भेंडीबाजारात मराठी नोटीस कितीजण वाचणार? चौकात उभं राहून हिंदीत वाचून दाखव, तळमजल्याच्या दुकानदारांना वेगळं बोलाव, कारण खाली करायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा असतो आणि त्यांचं म्हणणं चूक नसतं, गाळा बंद झाला की त्यांची रोजची कमाई त्याच दिवशी थांबते.

ट्रान्झिटबद्दल थोडक्यात. प्रतीक्षानगर, कन्नमवार नगर, गोराई, मालवणी, प्रत्येक कॅम्पात एकदा तरी जाऊन बस. मशीद बंदरला हमाली करणाऱ्याला गोराईचा गाळा दिला तर तो गाळा भाड्याने देऊन दुसरीकडे खोली घेणार, आणि मग घुसखोर सापडला की आपणच ओरडणार. आता गाळ्याऐवजी महिना 20,000 रुपये भाडं द्यायचा पर्याय आलाय, तो लोकांना नीट समजावून सांग, पण भाडं एक महिना जरी लटकलं तरी तुझ्यावरचा विश्वास संपला, म्हणून ते बिल पाच तारखेच्या आत निघतं की नाही हे स्वतः बघ. अकाउंट्सवाल्यांशी भांडायची वेळ आली तर भांड.

बिल्डरांच्या बाबतीत एवढंच की ते वाईट असतातच असं नाही, काहींनी फार चांगली कामं केलीत. पण ते केबिनमध्ये चहा पितायत आणि भाडेकरू बाहेर बाकावर बसलेत हे चित्र तुझ्या ऑफिसात एक दिवसही दिसता कामा नये. दोघांनाही अपॉइंटमेंट, दोघांनाही समोरासमोर बसव, मिनिट्स लिही, प्रत दोघांना दे. 51 टक्के संमती मोजताना सह्या कुठल्या खोलीतल्या कोणाच्या आहेत ते तपासून घे, एका खोलीच्या तीन भावांच्या तीन सह्या मोजलेल्या फाइली तुझ्यासमोर येतील. आणि पाडून टाकून भाडं बंद केलेला प्रोजेक्ट दिसला तर म्हाडा कायद्याच्या 91-अ खाली, म्हणजे अडलेला प्रोजेक्ट म्हाडाने ताब्यात घेण्याचा, प्रस्ताव करायला वर्षभर वाट बघू नकोस.

स्टाफचं सांगायचं राहिलं. आवक-जावकला जो बसतो तोच लोकांसाठी म्हाडा असतो, तुझी केबिन नव्हे. तिथे चिडका माणूस ठेवलास तर बाकी कितीही चांगलं काम केलंस तरी उपयोग नाही. चांगल्या क्लार्कला तिथे बसव, पंधरा दिवसांनी बदल, कारण दिवसभर लोकांची दुःखं ऐकून कुणीही थकतं, आणि संध्याकाळी पाच मिनिटं त्याला विचार, आज कोण आलं होतं, काय म्हणत होतं. रडणाऱ्या माणसाला पाणी देण्याआधी इनवर्ड नंबर दे, पाणी नंतर दे, कारण तो नंबर घेऊनच तो पुन्हा येऊ शकतो.

बृहतसूचीच्या, म्हणजे मूळ इमारतीतून निघून अजून कायमचं घर न मिळालेल्या भाडेकरूंच्या यादीच्या, जुन्या अर्जांचे गठ्ठे तुझ्या रेकॉर्ड रूममध्ये असतील, त्यातल्या काहींवर मूळ भाडेकरू वारल्याचं पत्र टाचलेलं असेल, ते पावसाआधी स्कॅन करून घे, मागे ओल येते तिथे. आणि कन्नमवार नगरला जाशील तेव्हा आधी कळव, तिथल्या बऱ्याच जुन्या कुटुंबांना मी ओळखतो, बरोबर येईन.