वडिलांच्या डोक्याला मार लागून ऑपरेशन झालंय, घरी आणल्यापासून सारखे चिडतात, आईला शिव्या देतात. कसं सांभाळावं?

आमच्या आण्णांचं सेम हेच झालतं. रात्री औसा रोडला रानडुक्कर आडवं आलं, गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं. लातूरला ऑपरेशन झालं, 19 दिवस दवाखान्यात. सुट्टी देताना टाके आन गोळ्यांचं सांगितलं, स्वभावाचं कुणी काही बोललंच नाही. आन घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी आण्णांनी माझ्या मायच्या अंगावर ताट फेकलं, जन्मात कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता त्या माणसानं.

कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला ब्रेक लावतो, तिथं मार बसला की ब्रेकच लागत नाही. ते मुद्दाम करत नाहीत हो. मी महिनाभर समजावत बसलो, येडेपणा होता, उलट जास्त भडकायचे. विषय बदला नाहीतर दहा मिनिटं बाजूला व्हा. आन मेंदू लवकर थकतो, आमच्याकडं सगळे राडे दुपारी चारनंतरच व्हायचे.

त्यात भेटायला येणारे! बिस्किटचा पुडा घेऊन दहाजण येणार, खाटेपाशी बसून "वळखलं का? सांगा बरं मी कोण?" नाव आठवलं नाही की आण्णा लई बेकार शिव्या द्यायचे. मग मी दारातच सांगू लागलो, सकाळी या, दोघंच या, आधी आपलं नाव-गाव सांगा, टीव्ही बंद. पाव्हण्यांत वाईटपणा आला, येऊ द्या.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरला लगेच सांगा, तोवर झोपवून काही पाजू नका. फिटची गोळी दिली असेल तर मनानं बंद करू नका. फिट आलीच तर कुशीवर करा, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. महिन्या-दोन महिन्यांनी डोकं दुखणं वाढलं, सारखी झोप येऊ लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तरी थांबू नका, वयस्कर माणसात डोक्यात रक्त हळूहळू परत साठू शकतंय.

पहिले सहा महिने फरक भराभर दिसतो, नंतर हळू, पण वर्ष-दोन वर्ष सुधारणा चालू राहते. आण्णांना हिशोब अजून जमत नाही पण भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या की तासभर शांत बसतात.

सगळ्यात जास्त दमवलं रात्रीनं. शेतीची लाईट कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते ना, तर दोन वाजता उठून मोटार चालू करायला निघायचे. दाराला बैलाची घुंगरमाळ बांधली, वाजली की मी उठायचो आन म्हणायचो, आण्णा आत्ताच चालू करून आलो, झोपा. महिनोन्‌महिने हेच नाटक. परवा असंच म्हणलो तर माझ्याकडं बघून म्हणले, "खोटं बोलू नको, या आठवड्यात दिवसाची लाईट हाय."