बोट घ्याल हो, पण दोर कोण धरणार?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी नुसत्या शुभेच्छा देऊन मोकळी होणार होते. ओझरला एचएएलमधून दोन वर्षांनी निवृत्ती, मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला, गंगापूर रोडचा बंगला विकायचा, मुलाजवळ राहायला जायचं आणि तीस फुटी शिडाची जुनी बोट घेऊन उरलेलं आयुष्य पाण्यावर आरामात काढायचं. छान आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मिसेसना पाण्याची भीती वाटते, पण होईल सवय.’ तिथे मी अडकले. आमच्या घरात हे वाक्य बरीच वर्षं ऐकलंय आणि ती ‘मिसेस’ मीच होते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. थोडं तुमच्या कामाचं, थोडं माझ्या.

व्हिसाचं काही सांगत नाही. नियम सरकारी साइटवर आहेत आणि तुमचा मुलगा ते माझ्यापेक्षा नीट वाचेल. एवढं लक्षात असू द्या की ते सरकारच्या मर्जीप्रमाणे फिरतात. पालकांचा रेसिडेंट व्हिसा 2016 ला बंद केला तो 2022 ला पुन्हा उघडला. मधल्या काळात किती आईवडील नुसते वाट बघत म्हातारे झाले. बंगला विकून मग अर्ज करणार असाल तर ती वर्षं कुठे काढायची, तेवढं आधी ठरवा.

कागदपत्रांचं मात्र सांगते. आम्ही 2002 ला सातपूरची नोकरी सोडून इकडे ऑकलंडला आलो. माझं नाव लग्नात बदललेलं. माहेरची सुनंदा, सासरची मृणाल. ताम्हणातल्या तांदळात यांनी अंगठीनं नाव लिहिलं, पेढे वाटले, विषय संपला. दहावी, बारावी, बी.कॉम. सगळं सुनंदाचं. रेशनकार्ड आणि पासपोर्ट मृणालचा. त्यात लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती, आमच्या वेळी कोण करत होतं? पत्रिका होती, अल्बम होता. नोंदणी करायला गेलो तर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही पाहिजे. गुरुजी तोवर देवाघरी गेलेले. मग त्यांच्या मुलाला शोधा, साक्षीदार गोळा करा, स्टॅम्पपेपर, नोटरी, ‘सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र. खिडकीमागच्या माणसानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, सगळं यांनाच विचारत होता. नंतर इकडच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, या दोघींपैकी येणार कोण? गमतीत म्हणाल्या असतील. मी हसले नाही.

तेव्हा तुमचे कागद नंतर बघा. नोकरीवाल्या पुरुषाचे कागद बहुतेक एका फायलीत असतात. वहिनींचे आत्ताच काढा, नाशकात आहात तोवर. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, माहेरच्या नावाची सगळी प्रमाणपत्रं, आणि प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग तेच आहे ना ते.

आता बोट. तुम्ही गंगापूर धरणावर बोटीत बसलात, मांडव्याला शिडाचा कोर्स केलात, चांगलंच केलंत. पण धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते. नाशिकला पाणी चढलं की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, कुठवर आलं म्हणून. इथे ते रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, ऑकलंडच्या वैतेमाता बंदरात उधाणाला तीन मीटरच्या आसपास. सकाळी जिथे आरामात नांगर टाकला तिथे दुपारी चिखल असू शकतो. भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय इथे कोणी डबासुद्धा भरत नाही.

हौसेच्या बोटीला इथे लायसन्स लागत नाही, हे तुम्ही फार आनंदानं लिहिलंय. खरं आहे, लागत नाही. मला मात्र त्यात आनंदाचं काही दिसत नाही. ज्याला काही येत नाही तोही शेजारून सुसाट जातो. किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आत 5 नॉटपेक्षा (ताशी साधारण 9 किलोमीटर) जास्त वेग नको हा नियम आहे, पण तो माहीत असायला कोणाचीच परीक्षा घेतलेली नसते. तुम्ही कोस्टगार्डचा डे स्किपरचा, म्हणजे बोट चालवण्याचा सुरुवातीचा कोर्स करा, रेडिओचा करा, आणि दोन्ही वहिनींना घेऊन करा. इथलं कोस्टगार्ड म्हणजे आपल्यासारखं सरकारी दल नव्हे. ती स्वयंसेवकांची धर्मादाय संस्था आहे. सभासद व्हा. इंजिन बंद पडलं की ओढत आणायला तेच येतात, आणि जुन्या बोटीचं इंजिन बंद पडतंच.

पाण्यात जाताना रेडिओवर कोस्टगार्डला ट्रिप रिपोर्ट द्यायचा: बोटीचं नाव, कुठून कुठे, किती वाजता पोचणार, बोटीवर किती माणसं. आमच्या बोटीचं नाव यांनी ‘गोदा’ ठेवलं. ते कोणाला कळत नाही, म्हणून दर वेळी गोल्फ, ऑस्कर, डेल्टा, अल्फा असं फोडून सांगावं लागतं. किती माणसं? दोन. परत आलात की आलो म्हणून कळवायचं, नाहीतर शोध सुरू होतो. तो रिपोर्ट मी देते, कारण यांचं इंग्रजी रेडिओवर घाईत येतं. मला ते काम आवडतं. पलीकडचा माणूस कोणीही असला तरी नीट ऐकून घेतो.

बोट घेणं स्वस्त आहे, ठेवणं नाही. जुनी तीस फुटी बोट तुम्हाला मोटारीच्या किमतीत मिळेल आणि वाटेल की लॉटरी लागली. मग मरिनात, म्हणजे बोटी बांधायच्या तळावर, जागेचं (बर्थचं) भाडं, ते बोटीच्या लांबीवर, वर्षाला हजारो डॉलर. वेस्टहेवन हा दक्षिण गोलार्धातल्या मोठ्या मरिनांपैकी एक, तिथे उभं राहिलं की डोलकाठ्यांचं जंगल दिसतं. त्यातल्या कितीतरी बोटी महिनोन्‌महिने हलत नाहीत. स्विंग मूरिंग, म्हणजे पाण्यातल्या बोयाला बोट बांधणं, स्वस्त पडतं, पण मग बोटीपर्यंत छोटी होडी (डिंगी) वल्हवत जायचं, पासष्टीला, गुडघ्यांसकट. शिवाय बोट वेळोवेळी पाण्याबाहेर उचलून तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून अँटिफाउलिंगचा रंग मारायचा, धातू गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे अ‍ॅनोड बदलायचे, आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा जुन्या झाल्या की विमावाले त्या बदलायला सांगतात. खरेदीआधी स्वतंत्र सर्व्हेअर लावा. विकणाऱ्याचा मित्र नको. आणि बोटीवरच राहायचा विचार असेल तर मरिनाला आधी विचारा, मुक्कामाला राहणाऱ्यांची संख्या बऱ्याच ठिकाणी मर्यादित असते.

आणखी एक, नवीनच आहे. 2021 मध्ये ग्रेट बॅरिअर बेटाजवळ कॉलेर्पा नावाचं परदेशी शेवाळ सापडलं, ते नांगराला चिकटून पसरतं. त्यामुळे काही खाड्यांमध्ये नांगर टाकायला बंदी आहे. जुन्या नकाशावर ‘उत्तम आसरा’ लिहिलंय म्हणून जाऊ नका. बेटांवर उंदीर, मुंग्या जाऊ नयेत म्हणून बोटीतलं सामान तपासून न्यायचं असतं. मी पिशव्या झटकते तेव्हा हे म्हणतात, तुझ्या चिवड्यात काय उंदीर निघणार आहे?

तुम्ही दत्तू भोकनळचं उदाहरण दिलंत, चांदवडकडच्या पाणी नसलेल्या तळेगाव रोहीचा मुलगा 2016 ला रिओ ऑलिंपिकला वल्हं घेऊन जातो, मग आपण का नाही. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो सैन्यात होता, तरुण होता आणि दिवसरात्र तेच करत होता. त्याला विरंगुळा शोधायचा नव्हता.

एकटेपणाबद्दल तुम्ही बऱ्याच ओळी लिहिल्यात. त्याचं एवढं काही नाही. मंडळाचा गणपती असतो, सँडरिंगहॅम रोडला मेथी आणि गवार मिळते, फोनवर रोज नाशिक दिसतं. पुढे जाऊ.

आमची बोट कशी आली ते सांगते, कारण तुमची का येतेय ते मला तुमच्या पत्रात सापडलं नाही.

लेक अकरा वर्षांची होती. नाशिकला इंग्रजी माध्यमात शिकलेली, वर्गात पहिल्या पाचात. इकडच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं, उच्चार वेगळा म्हणून. मी जाऊन सांगितलं की हिला व्याकरण तुमच्यापेक्षा चांगलं येतं. हे ‘तुमच्यापेक्षा’ मी मुद्दाम म्हटलं होतं. बाई गोड हसल्या. काही बदललं नाही. पण खरा राग त्याचा नाही. त्या शाळेत उन्हाळ्यात मुलांना शिडाच्या छोट्या बोटी शिकवायला नेत. ज्यांना ठरावीक अंतर पोहता येत नाही त्यांनी किनाऱ्यावर बसायचं. नियम बरोबर आहे, मी आई म्हणून त्याला नाव ठेवणार नाही. पण तिला काम काय दिलं? बाकीच्या मुलांची लाइफजॅकेटं मोजायचं. पूर्ण सत्रभर ती वाळूत बसून मोजत होती, आणि घरी काही बोलली नाही. आम्हाला कळलं ते शाळेच्या वार्तापत्रातल्या फोटोवरून. सगळे भिजलेले, ही कोरडी, हातात वही.

रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला तिचा बाप. पुराच्या पाण्यात उड्या मारणारा. पोरीला मात्र त्यानं कधी पाण्यात सोडलं नव्हतं, गोदेचं पाणी घाण झालंय म्हणून. तो फोटो बघून हे जेवले नाहीत. रात्री म्हणाले, हिला मी स्वतःच्या बोटीत बसवीन. त्या वेळी हे सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होते, इंजिनिअर असून. पुढे मशीन शॉपमध्ये लागले, घर झालं, लेक शिकली, वेलिंग्टनला गेली. बोट घेतली तेव्हा 2016 साल उजाडलं होतं. ती एकदा आली, तासभर बसली, ‘छान आहे बाबा’ म्हणाली. पोहायला ती कधीच शिकली होती, आमच्याशिवाय. वाळूतला फोटो तिला आठवतसुद्धा नाही म्हणते. मला यावर विश्वास ठेवावा की नाही कळत नाही.

म्हणून मुलगा जवळ आणि बोट जवळ या दोन्ही गोष्टी एकाच योजनेत धरू नका. मुलांचे शनिवार-रविवार नातवंडांच्या क्रिकेटला आणि हिरवळ कापायला जातात. बोट एकट्यानं चालवता येते असं मासिकांत लिहितात. पाण्यात येत असेलही. धक्क्याला लावताना आडवा वारा असला की एक माणूस सुकाणूवर आणि एक दोर घेऊन उतरणारा लागतोच, निदान आपल्या वयाला. तो दुसरा माणूस म्हणजे वहिनी. त्यांना विचारलंत का? ‘होईल सवय’ हे विचारणं नव्हे.

मला सवय झाली नाही. अजून रांगितोतो बेटाच्या पुढे लाटा लागल्या की मी आलेपाक चघळत एका जागी धरून बसते. पण गाठी मला यांच्यापेक्षा चांगल्या येतात. मागच्या वर्षी यांना स्टेंट बसवला, एकट्यानं बोटीवर जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून जायचं की नाही हे माझ्या ‘हो’वर आहे. आणि मी बऱ्याचदा ‘आज नको’ म्हणते. वारा बरा असतानाही म्हणते. त्याचं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही, पूर्ण मलाही माहीत नाही. इतकी वर्षं कुठे जायचं ते मला कुणी विचारलं नाही, आता विचारतात, एवढंच असेल.

पैशाचं थोडक्यात. बंगला विकू नका, भाड्यानं द्या. इथल्या सरकारी पेन्शनचा हिशेब धरू नका, 65 वय तर हवंच, पण वास्तव्याची पूर्वीची 10 वर्षांची अट टप्प्याटप्प्यानं 20 कडे नेताहेत. अपघात झाला तर एसीसी ही सरकारी अपघात-विमा संस्था खर्च उचलते, पाहुण्यांचाही. आजारपणाचं तसं नाही, रेसिडेंट होईपर्यंत विमा हवाच.

आधी दोघं व्हिजिटर व्हिसावर या. डिसेंबर-जानेवारीत येऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर दिसतं. जुलैत या, पाऊस, थंडी आणि सहाच्या आत अंधार बघा. यॉट क्लबांमध्ये बुधवारी संध्याकाळच्या शर्यतींना खलाशी कमी पडतात ते उन्हाळ्यात, पण हिवाळ्यातही कोणीतरी जात असतं. दुसऱ्याच्या बोटीवर दोर ओढायला जा, फुकट शिकवतात, आणि मुलाच्या घरी बसून तुम्ही किती कंटाळता तेही कळेल. वहिनींना त्या वेळात माझ्याकडे पाठवा.

‘गोदा’ विकायची आहे का, असं तुम्ही शेवटी सहज विचारलंय. हे हो म्हणतात, मी नाही म्हणते. मागच्या महिन्यात उलट होतं. आलात की स्वतः बघा, सर्व्हेअर मात्र तुमचा आणा.