वाचकांचे प्रश्न : फ्रेमच्या पट्ट्या उभ्या ठेवाव्यात की आडव्या?

प्रश्न : स. न. वि. वि. महालात आमचे फोटो फ्रेमिंगचे दुकान असून मागच्या बाजूस टिनाचे छप्पर असलेली १० × १४ फुटांची कार्यशाळा आहे. साडेनऊ फुटी पट्ट्या वडील कोपऱ्यात उभ्या ठेवत असत. जागा अडते म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्या टिनाखालच्या माळ्यावर, दोन टोकांना दोन लोखंडी अँगल ठोकून, आडव्या ठेवल्या. यंदाच्या उन्हाळ्यात सिंथेटिक पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या व त्यांच्या फ्रेमचे कोपरे जुळेनात. खाली कूलरजवळ ठेवलेल्या सोनेरी लाकडी पट्ट्यांच्या मुलाम्याला बारीक तडे गेले. वडील म्हणतात, उभ्याच बऱ्या होत्या. योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मात्र आपण वर्णन केलेल्या नुकसानीत पट्टी उभी होती की आडवी, याचा वाटा लहान असून टिनाचे छप्पर आणि कूलर या दोहोंचा वाटा मोठा आहे, हे आधी स्पष्ट करतो.

सिंथेटिक पट्टी पॉलिस्टायरीनची असते. हे प्लास्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, पण सतत उष्णता आणि सतत वजन असेल तर ते त्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानालाही हळूहळू वाकत जाते आणि थंड झाल्यावर त्याच आकारात राहते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, तेव्हा हवामान खात्याने तो यंत्राचा दोष असल्याचा खुलासा केला होता. परंतु टिनाला लागून असलेल्या माळ्यावर भर दुपारी तेवढा आकडा दिसला, तर त्यासाठी यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्यामुळे पहिली गोष्ट अशी की, माळा रिकामा करावा आणि तेथे काच-पट्टी काहीही न ठेवता फार तर पुठ्ठ्याची रिकामी खोकी ठेवावीत.

दुसरी चूक दोनच आधारांची. आडव्या पट्टीला स्वतःच्या वजनाने जो झोळ पडतो, तो आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे अंतर दुप्पट केले की झोळ सोळा पट होतो आणि निम्मे केले की सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून साडेनऊ फुटांच्या पट्टीला किमान पाच आधार द्यावेत, जेणेकरून दोन आधारांत सव्वादोन फुटांपेक्षा जास्त अंतर राहणार नाही, आणि ते सर्व आधार दोरी धरून एका रेषेत आणावेत, कारण पाचांपैकी एक जरी वर-खाली असला तरी पट्टी त्याचाच आकार घेते. आपल्या १४ फुटी भिंतीवर आधार म्हणून असे एका बाजूने उघडे, फूटभर लांबीचे लोखंडी हात बसवले, तर पट्टी समोरून उचलता येईल. टोकाकडून ओढायच्या कप्प्यांना समोर आणखी दहा फूट मोकळी जागा लागते, ती आपल्याकडे नाही. एका हातावर पट्ट्यांचे दोनपेक्षा जास्त थर लावू नयेत. जड पट्ट्या तळाशी आणि अरुंद पट्ट्या छातीच्या उंचीवर असाव्यात.

लोखंडी हातांवर अनेकजण मऊ प्लास्टिकची नळी चढवतात. कृपया तसे करू नये. पीव्हीसी नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात जे द्रव्य घातलेले असते, ते संपर्कातील पॉलिस्टायरीनमध्ये उतरते आणि पट्टीवर चिकट, खोलगट डाग पाडते. त्याऐवजी लाकडी रीप ठोकून तीवर जुन्या सतरंजीची पट्टी लावणे स्वस्तही आहे आणि निर्धोकही.

आता सोनेरी पट्टीविषयी. तिच्या लाकडावर खडू आणि सरसाचा थर असतो व त्यावर मुलामा. नागपूरच्या मे महिन्यात हवेतील आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा लाकडातील पाणी त्याच्या वजनाच्या ४ ते ५ टक्क्यांवर स्थिरावू पाहते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच १६ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. लाकूड या फरकाने लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगते आणि आक्रसते. वरचा खडूचा थर मात्र त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून त्याला तडे जातात. कूलर हा फरक दोन महिन्यांऐवजी एका दिवसात घडवून आणतो, कारण दिवसभर ओला झोत आणि रात्री कूलर बंद झाल्यावर पुन्हा कोरडी हवा, असे चक्र रोज चालते. नागपुरात कूलर बंद ठेवा असे सांगणे हा सल्ला नव्हे, थट्टा होईल. कूलर कारागिराकडे असू द्यावा. पट्ट्या मात्र झोताच्या विरुद्ध भिंतीवर, कागदात गुंडाळून ठेवाव्यात. भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून सहा इंच अंतर ठेवल्यास पावसाळ्यातली ओल आणि वाळवी यांवरही नजर राहते.

उभी पद्धत सर्वस्वी टाकाऊ नाही. दोन इंच वा अधिक रुंदीच्या लाकडी पट्ट्या उभ्या ठेवल्यास नमुना चटकन दिसतो आणि एक काढताना दुसरीला घासत नाही. त्यासाठी छत साडेदहा फूट हवे, तळाशी फळी हवी आणि कप्पे इतके अरुंद हवेत की पट्टी तिरकी रेलणार नाही. अर्ध्या-पाऊण इंचाची पट्टी मात्र उभी राहत नाही, ती रेलते आणि एका उन्हाळ्यात वाकते.

वाकलेला माल फेकू नये. बाक लांबीच्या वर्गाने कमी होतो: ११४ इंचांच्या पट्टीत एक इंच बाक असेल, तर तिच्या १९ इंचांच्या तुकड्यात तो १/३६ इंच, म्हणजे एका मिलिमीटरपेक्षाही कमी उरतो. त्या पट्ट्या देवादिकांच्या लहान तसबिरींसाठी वापराव्यात, कोपरे जुळतील.

प्रश्न : कापून उरलेले तुकडे किती लांबीपर्यंत जपावेत?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : हिशेब फ्रेमवरून करावा. चारही बाजूंची बेरीज आणि पट्टीच्या रुंदीची आठपट, एवढी पट्टी एका फ्रेमला लागते. फोटो बसण्यासाठी पट्टीला मागून असलेल्या खाचेमुळे थोडी वाचते, ती करवतीच्या पात्यात जाते. १२ × १८ इंचांच्या फोटोला दीड इंची पट्टी लावल्यास ६० अधिक १२, म्हणजे ७२ इंच लागतात. साडेनऊ फुटांतून ४२ इंच उरतात आणि ६ × ८ च्या फोटोला ४० पुरतात. म्हणजे असा तुकडा हा उरलेला माल नसून एक पूर्ण फ्रेम आहे, आणि तो वेगळ्या कप्प्यात, टोकावर लांबी लिहून ठेवला पाहिजे. फुटाच्या आतले तुकडे नमुन्याचे कोपरे करण्यापुरते ठेवावेत. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पट्टीचा क्रमांक आणि माल आल्याचा महिनाही लिहावा, कारण एकाच क्रमांकाच्या दोन खेपांत सोनेरी रंग क्वचितच तंतोतंत जुळतो. तीन बाजू जुन्या खेपेच्या आणि चौथी नव्या खेपेची लावलेली फ्रेम गिऱ्हाईक घरी नेऊन भिंतीवर टांगते आणि दुसऱ्या दिवशी परत आणते.